थ्रेडचे उत्तर आणि त्याचा ताबा

सी भाषेत एखादे फंक्शन दुसऱ्या फंक्शनास हाक मारते तेव्हा हाक मारणारा तेथेच तिष्ठत उभा असतो, आणि म्हणून उत्तर पोहोचते करणे ही बाब इतकी निर्वेध असते, की ‘रिटर्न’ लिहिले म्हणजे नेमके काय घडले याचा विचार करण्याची पाळी लिहिणारावर वर्षानुवर्षे येत नाही. थ्रेडच्या बाबतीत ही सोय संपुष्टात येते. थ्रेड निर्माण करणारे फंक्शन त्याला कामावर रवाना करून लगेच आपल्या वाटेला लागते. ज्या ओळीवर थ्रेडचा जन्म झाला त्या ओळीवर परत येऊन उत्तर ठेवावे म्हटले तर ती ओळ केव्हाच मागे पडलेली असते. तेव्हा उत्तर कोणाच्या जागेत ठेवायचे, ती जागा किती काळ शाबूत राहील, आणि ते उचलण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या क्षणापासून, हे तीन प्रश्न थ्रेड सुरू करण्यापूर्वीच निकालात काढले पाहिजेत; केवळ टाइपकास्टची डागडुजी करून कंपायलरचे तोंड बंद केल्याने ते निकालात निघत नाहीत.

युनिक्सच्या परंपरेतील संगणकांवर, म्हणजे लिनक्स, मॅकओएस आणि त्यांच्या भाऊबंदांवर, थ्रेडांचा जो कायदा चालतो तो १९९५ साली पॉझिक्स मानकात दाखल झाला. त्या कायद्याप्रमाणे थ्रेड ज्या फंक्शनापासून आरंभ करतो त्याचे स्वरूप ठरलेले आहे: त्याने एक व्हॉइड पॉइंटर घ्यावा आणि एक व्हॉइड पॉइंटर परत द्यावा. घेतलेला पॉइंटर ‘पीथ्रेड_क्रिएट’च्या चौथ्या आर्ग्युमेंटातून येतो, दिलेला पॉइंटर, ज्याने ‘पीथ्रेड_जॉइन’ करून त्या थ्रेडची वाट पाहिली असेल त्याच्या हाती, जॉइनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटातून पडतो. थ्रेडने मध्येच ‘पीथ्रेड_एक्झिट’ करून काम आटोपते घेतले तरी परिणाम तोच. मानककारांनी हे मोघम रूप का पत्करले ते उघड आहे, कारण लायब्ररी लिहिणाराला तुमच्या उत्तराचा प्रकार आधी ठाऊक असणे शक्य नाही, आणि अज्ञात प्रकारच्या वस्तूविषयी बोलण्याचा सी भाषेतला राजमान्य मार्ग हाच आहे. मात्र या योजनेचा जो परिणाम नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही तो असा, की ती उत्तराचा केवळ पत्ता वाहून नेते; त्या पत्त्यावर वस्तू शिल्लक आहे की नाही, याची हमी ती घेत नाही.

विवेचनासाठी एक ठाम उदाहरण समोर असावे. एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्या दोन थ्रेडांकडून मोजून घ्यावयाच्या आहेत असे समजू. पहिल्याकडे पहिले पन्नास लाख, दुसऱ्याकडे पुढचे पन्नास लाख. खरे उत्तर ६,६४,५७९ आहे, त्यांपैकी ३,४८,५१३ संख्या पहिल्या भागात पडतात आणि ३,१६,०६६ दुसऱ्या भागात. प्रत्येक संख्येला लहान भाजकांनी भागून पाहण्याची बाळबोध रीत वापरली, तर दुसऱ्या भागात मूळ संख्या कमी असूनही वेळ मात्र अधिक लागतो, कारण मोठ्या संख्येसाठी भाजकही अधिक तपासावे लागतात. पहिला थ्रेड बहुधा आधी संपणार, एवढे येथे टिपून ठेवावे.

सर्वांत रुळलेली चूक अशी, की थ्रेडचे फंक्शन एका स्थानिक व्हेरिएबलात मोजणी करते आणि शेवटी त्याच व्हेरिएबलाचा पत्ता देऊन मोकळे होते. स्थानिक व्हेरिएबल थ्रेडच्या स्टॅकवर असते, आणि फंक्शन संपताच त्या जागेवरचा त्याचा हक्क संपतो. धर्मशाळेच्या भिंतीवर हिशेब लिहून ठेवून प्रवाशाने खोली सोडावी आणि घरच्यांना केवळ खोलीचा क्रमांक कळवावा, तशातला हा प्रकार आहे. आपत्ती अशी की तो हिशेब पुष्कळदा वाचताही येतो. ग्नू सी लायब्ररी संपलेल्या थ्रेडचा स्टॅक तत्काळ मोडीत काढत नाही. पुढच्या थ्रेडच्या उपयोगी पडावा म्हणून राखून ठेवते, आणि मध्यंतरी त्या जागेवर कोणी काही लिहिले नसेल तर जुना आकडा तेथे जसाच्या तसा सापडतो. प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, लिहिणारा निर्धास्त होतो, आणि पुढे केव्हातरी तिसरा थ्रेड जन्माला येऊन तोच स्टॅक वापरू लागला म्हणजे बेरजेत भलताच आकडा शिरतो. असा पत्ता थेट ‘रिटर्न’ केला तर जीसीसी ताकीद देतो; तोच पत्ता पीथ्रेड_एक्झिटच्या हवाली केला तर कंपायलरच्या लेखी ते एक साधे आर्ग्युमेंट ठरते आणि तो बहुधा मौन पाळतो. या मौनाचा अर्थ संमती असा करू नये.

स्टॅकचा हा धडा शिकलेला माणूस कित्येकदा दुसऱ्या टोकाला जातो आणि त्या व्हेरिएबलामागे ‘स्टॅटिक’ हा शब्द लावतो. आता जागा प्रोग्राम संपेपर्यंत टिकते हे खरे; परंतु ती सर्व थ्रेडांत मिळून एकच असते. आपल्या उदाहरणात प्रत्येक थ्रेडने स्वतःची मोजणी वेगळी करून शेवटी ती या स्टॅटिक जागेत ठेवली आणि तिचा पत्ता परत दिला असे धरा. मुख्य थ्रेडने आधी दोघांनाही जॉइन केले आणि मग दोन्ही पत्त्यांवरचे आकडे मिळवले, तर दोन्ही पत्ते एकच असल्यामुळे मागाहून संपलेल्या थ्रेडचा आकडा दोनदा मोजला जातो, आणि ३,१६,०६६ची दुप्पट, म्हणजे ६,३२,१३२, हे उत्तर पडद्यावर येते. आता गंमत पाहा: पहिल्याला जॉइन करताच त्याचा आकडा उचलला आणि मग दुसऱ्याकडे वळले, तर दुसरा अजून कामात गुंतलेला असल्याने ६,६४,५७९ हे बिनचूक उत्तर मिळते. प्रोग्राम दोन्ही वेळा सारखाच सदोष आहे. फरक पडला तो केवळ दोन ओळींच्या क्रमाने आणि दुसऱ्या भागाला अधिक वेळ लागतो या योगायोगाने. अशा प्रोग्रामाच्या चाचण्या यशस्वी होतात यात नवल नाही, आणि म्हणूनच थ्रेडांच्या बाबतीत ‘माझ्याकडे चालले’ हा पुरावा मी दाखल करून घेत नाही.

उत्तर एक लहानसा पूर्णांक असेल तर त्याच्यासाठी वेगळी जागा तरी कशाला, पॉइंटरच्या पोटातच तो भरून पाठवावा, असा एक हिशेबी मार्ग पुष्कळ जण अवलंबतात. त्याला माझी सरसकट हरकत नाही. हरकत आहे ती ज्या निष्काळजीपणाने तो अवलंबला जातो त्याला. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटांचा असतो आणि इंट ४ बाइटांचा. पुष्कळ जण एक इंट व्हेरिएबल घेतात, त्याचा पत्ता टाइपकास्ट करून पीथ्रेड_जॉइनच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटात देतात आणि कंपायलर गप्प बसला म्हणून पुढे जातात. पण जॉइन त्या पत्त्यावर पूर्ण पॉइंटर लिहिणार, म्हणजे ८ बाइट. त्यांतले पहिले ४ इंटमध्ये बसतात आणि उरलेले ४ शेजारच्या व्हेरिएबलावर जाऊन पडतात. इंटेलच्या धाटणीच्या यंत्रावर संख्येचा कनिष्ठ भाग आधी लिहिला जातो, त्यामुळे तुमचे उत्तर अगदी बरोबर दिसते आणि शेजारी मात्र मुकाट्याने शून्य होऊन बसतो. तो शेजारी जर लूपचा मोजणी करणारा ‘आय’ असेल, तर लूप पुन्हा मागे वळतो आणि संपलेल्या थ्रेडला दुसऱ्यांदा जॉइन करण्याचा प्रसंग ओढवतो. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर दोन्ही मापे सारखी असल्यामुळे हे पाप खपून जात असे. जुन्या पुस्तकांतून आणि टिपणांतून ते आजही नकलले जाते.

हाच मार्ग धरावयाचा तर जॉइनला खऱ्याखुऱ्या व्हॉइड पॉइंटर व्हेरिएबलाचाच पत्ता द्यावा, आणि संख्येचे पॉइंटरात व पॉइंटराचे संख्येत रूपांतर ‘इंटपीटीआर_टी’ या प्रकाराच्या मध्यस्थीने करावे, जो १९९९च्या सी मानकाबरोबर आला. काटेकोरपणे पाहिले तर मानकाची हमी पॉइंटर संख्येत नेऊन परत आणण्यापुरती आहे, उलट प्रवासाची नाही. प्रचलित यंत्रांवर तो प्रवास निर्विघ्न होतो एवढेच. शिवाय थ्रेड बाहेरून रद्द केला गेला तर जॉइनच्या हाती ‘पीथ्रेड_कॅन्सल्ड’ हे राखीव मूल्य येते, आणि ग्नूच्या लायब्ररीत ते उणे एक असते. ज्याने स्वतःच्या अपयशाची खूण म्हणून उणे एक हीच संख्या मुक्रर केली असेल, त्याला थ्रेड हरला की मारला गेला हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

थ्रेडने मॅलॉक करून हीपमध्ये जागा घ्यावी, तीत उत्तर ठेवून पत्ता द्यावा, आणि जॉइन करणाऱ्याने वाचून झाल्यावर ती फ्री करावी, ही रीत निर्दोष आहे. तिच्यात मालकीचे हस्तांतर होते, आणि ते कोठेतरी लेखी नमूद असावे. फंक्शनाच्या माथ्यावर ‘परत दिलेली जागा घेणाऱ्याने मोकळी करावी’ एवढी एक ओळ पुरते. उत्तराचे आकारमान आधी माहीत नसेल, उदाहरणार्थ नुसती मोजणी नको असून मूळ संख्यांची यादीच हवी असेल, तेथे ही रीत स्वाभाविक ठरते. पण एका आकड्यासाठी हीपचे दार ठोठावायचे, मॅलॉकला जागा मिळाली नाही तर काय याची तजवीज करायची, आणि जॉइन करायचे राहून गेले तर ती जागा बेवारस पडू द्यायची, हा खटाटोप मला अनाठायी वाटतो.

तेव्हा माझी शिफारस अशी, की उत्तरासाठी जागा थ्रेडने शोधूच नये. ज्याने काम सोपवले त्यानेच ती कामाबरोबर नेमून द्यावी. प्रत्येक कामाचे एक स्ट्रक्चर करावे आणि त्यात चार रकाने ठेवावेत: कोठून मोजायचे, कोठवर मोजायचे, उत्तर, आणि चुकीचा क्रमांक. अशा दोन स्ट्रक्चरांचा अ‍ॅरे मुख्य फंक्शनात करावा, पहिले दोन रकाने भरावेत, आणि पीथ्रेड_क्रिएटला प्रत्येक वेळी त्या त्या घटकाचा पत्ता द्यावा. थ्रेड तो व्हॉइड पॉइंटर आपल्या स्ट्रक्चरच्या पॉइंटरात घेतो, काम करतो, उत्तराचा रकाना भरतो आणि ‘नल’ परत देतो. व्हॉइड पॉइंटराचे जे एकमेव रूपांतर येथे होते ते फंक्शनाच्या पहिल्या ओळीत होते, आणि तेथे टाइपकास्टही लिहावा लागत नाही. पुढे उत्तराबरोबर लागलेला वेळही हवासा वाटला तर एक रकाना वाढवला की काम भागते. फंक्शनाच्या स्वरूपाला धक्का लागत नाही.

हा अ‍ॅरे मुख्य फंक्शनाच्या स्टॅकवर आहे, मग पूर्वीचा दोष येथे कसा लागत नाही, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. ती रास्त आहे. फरक आयुर्मर्यादेचा आहे: मुख्य फंक्शन दोन्ही थ्रेडांना जॉइन केल्याखेरीज परतत नाही, म्हणून थ्रेड लिहीत असताना जागा जिवंत असते आणि मुख्य फंक्शन वाचत असतानाही ती त्याचीच असते. परंतु मधल्या एखाद्या चुकीपायी, समजा दुसरा थ्रेड निर्माणच होऊ शकला नाही म्हणून, फंक्शन घाईने ‘रिटर्न’ करून बाहेर पडले, तर पहिला थ्रेड परक्या जागेत लिहीत राहील. चुकीच्या वाटेनेही बाहेर पडताना जे थ्रेड सुरू झाले आहेत त्यांना जॉइन करूनच बाहेर पडावे, हा नियम म्हणूनच पाळावा लागतो, आणि परीक्षणाच्या वेळी मी प्रथम पाहतो ती हीच वाट.

याच ठिकाणी आणखी एक खड्डा आहे. स्ट्रक्चर करण्याचा आळस करून लूपच्या ‘आय’चाच पत्ता प्रत्येक थ्रेडला देण्याची सवय फार पसरलेली आहे. थ्रेड तो पत्ता उघडून पाहीपर्यंत लूप पुढे सरकलेला असतो; दोघेही स्वतःला दुसरा समजून एकच भाग मोजतात, किंवा लूप संपल्यावरचा आकडा वाचून अ‍ॅरेच्या बाहेरच हात घालतात.

चुकीच्या क्रमांकाचा रकाना कशासाठी, तेही सांगितले पाहिजे. शून्य मूळ संख्या सापडल्या आणि मोजणी होऊच शकली नाही, या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि उत्तराच्या रकान्यातील शून्याने त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. ‘एर्नो’ पाहून निभावेल असे वाटत असेल तर ध्यानात असू द्यावे, की एर्नो प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र असतो; कामकरी थ्रेडमध्ये फाइल उघडली नाही याची वार्ता मुख्य थ्रेडच्या एर्नोत कधीही येत नाही. ती थ्रेडनेच, चूक घडताक्षणी, आपल्या स्ट्रक्चरात उतरवून ठेवावी लागते.

उत्तराच्या रकान्याला म्युटेक्स लावावा काय, असा प्रश्न हटकून येतो. लावू नये. पीथ्रेड_जॉइन यशस्वी झाले म्हणजे त्या थ्रेडने तोवर जे जे लिहिले ते ते जॉइन करणाऱ्यास दिसते, अशी हमी पॉझिक्स देते. त्याचप्रमाणे पीथ्रेड_क्रिएटच्या आधी भरलेले रकाने नव्या थ्रेडला दिसतात. प्रत्येक रकान्याला कोणत्याही एका वेळी एकच धनी आहे, आणि मालकीची अदलाबदल या दोन ठिकाणीच होते, म्हणून कुलपाची गरज राहत नाही. मात्र जॉइन होण्यापूर्वी डोकावून पाहण्याचा मोह आवरावा. ‘व्हॉलटाइल’ हा शब्द लावून तो मोह कायदेशीर होत नाही, कारण थ्रेडांतील समन्वयाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. प्रगतीची टक्केवारी दाखवायचीच असेल तर २०११च्या सी मानकातले अ‍ॅटॉमिक प्रकार त्यासाठी आहेत.

वेगाविषयी एक सूचना. मोजणी चालू असताना प्रत्येक मूळ संख्येगणिक स्ट्रक्चरातलाच रकाना वाढवत बसू नये; स्थानिक व्हेरिएबलात मोजावे आणि शेवटी एकदाच लिहावे. कारण असे, की प्रोसेसर स्मृतीची ने-आण कॅशच्या ओळींनी करतो, आपल्या नेहमीच्या इंटेल व एएमडीच्या यंत्रांवर अशी ओळ ६४ बाइटांची असते, आणि अ‍ॅरेतील दोन शेजारी स्ट्रक्चरे एकाच ओळीत आली तर तर्काने स्वतंत्र असलेले दोन थ्रेड त्या ओळीसाठी एकमेकांशी झगडत राहतात. उत्तर चुकत नाही, पण दोन थ्रेड लावून मिळालेला फायदा अशा ओढाताणीत विरून जातो.

जॉइनविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण पावतीचे काम तेच करते. पीथ्रेड_क्रिएट काय किंवा पीथ्रेड_जॉइन काय, चुकीचा क्रमांक थेट परत देतात, एर्नोत ठेवत नाहीत; म्हणून अपयशानंतर ‘पीएरर’ला विचारले तर तो कोणत्यातरी शिळ्या चुकीचा संदेश छापतो, आणि ‘एसटीआरएरर’ला तो परत आलेला क्रमांकच द्यावा लागतो. एका थ्रेडला दोनदा जॉइन करणे आणि डिटॅच केलेल्या थ्रेडला जॉइन करणे, या दोन्ही गोष्टींचा परिणाम मानकाने अनिश्चित ठरवला आहे. उलटपक्षी, जॉइनही केले नाही आणि डिटॅचही केले नाही, तर थ्रेड संपूनही त्याची साधनसामग्री अडकून राहते, आणि दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरवर कालांतराने नवा थ्रेड निर्माण होणेच थांबते. ज्याच्याकडून उत्तर हवे आहे त्याला डिटॅच करू नये, हे यावरून ओघानेच आले.

जो थ्रेड आधी संपेल त्याचे उत्तर आधी घ्यावे, अशी सोय मात्र पॉझिक्सने ठेवलेली नाही. जॉइन एका विवक्षित थ्रेडचीच वाट पाहते. दोन-चार थ्रेडांच्या बेरजेत क्रमाने वाट पाहिली तरी एकंदर वेळात फरक पडत नाही, कारण शेवटच्यासाठी थांबणे कोणाला चुकले आहे? परंतु एकाच थ्रेडकडून एकामागून एक अनेक उत्तरे यावयाची असतील, किंवा आलेले उत्तर तत्क्षणी पुढच्या कामी लावायचे असेल, तर जॉइनचा आधार सोडून म्युटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल यांच्या पहाऱ्यात एक रांग चालवावी लागते. तेथे रांग रिकामी आहे काय ही तपासणी ‘इफ’ने करू नये, ‘व्हाइल’ने करावी, कारण ‘पीथ्रेड_कॉन्ड_वेट’मधून कोणी न उठवताही जाग येऊ शकते, असे मानकच सांगते.

इतर दरबारांत रिवाज थोडा निराळा आहे. २०११च्या सी मानकाने भाषेतच थ्रेड आणले. तेथे थ्रेडचे फंक्शन पॉइंटरऐवजी इंट परत देते, आणि ‘थर्ड_जॉइन’ तो इंटच्या पत्त्यावर ठेवते, त्यामुळे वरील ८ बाइटांचा अपघात टळतो. पण ही तरतूद ऐच्छिक आहे आणि ग्नूच्या लायब्ररीत ती २०१८ साली आली. विंडोजवर थ्रेडचे उत्तर ३२ बिटांची एक संख्या असते आणि ती ‘गेटएक्झिटकोडथ्रेड’ने विचारावी लागते; थ्रेड अजून चालू असेल तर तेच फंक्शन २५९ ही संख्या देते. मूळ संख्यांची मोजणी नेमकी २५९ भरली आणि तीच एक्झिट कोड म्हणून परत दिली, तर संपलेला थ्रेड चालूच आहे असे मानून विचारणारा अखंड वाट पाहत राहील. स्ट्रक्चरातील रकान्यात उत्तर ठेवण्याची रीत या तिन्ही ठिकाणी तशीच चालते, फंक्शनाचे बाह्य स्वरूप तेवढे बदलावे लागते, आणि मी तिचा पक्ष घेतो त्याला हेही एक कारण आहे.

प्रोग्राम लिहून झाल्यावर तो चालतो की नाही एवढेच पाहून उठू नये. जीसीसी व क्लँग या दोन्ही कंपायलरांत ‘एफसॅनिटाइझ’ हा पर्याय आहे. त्याला ‘थ्रेड’ हे मूल्य देऊन केलेली बांधणी, स्टॅटिक जागेवर दोघे लिहीत असतील किंवा ‘आय’चा पत्ता वाटला गेला असेल, तर चुकलेल्या ओळींच्या क्रमांकांसह कैफियत छापते, मग त्या दिवशी उत्तर योगायोगाने ६,६४,५७९ आलेले असो. ‘अ‍ॅड्रेस’ हे मूल्य देऊन केलेली बांधणी, प्रोग्रामाने अ‍ॅरेच्या बाहेर घातलेला हात पकडण्यासाठी उपयोगी पडते. ही दोन मूल्ये एकाच बांधणीत एकत्र नांदत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या बांधण्या कराव्यात, आणि थ्रेडांची संख्या दोनवरून आठवर व पुढे सोळावर नेऊन दोन्ही चालवून पाहाव्यात.